पांदण राखा, वस्ती जोडा

(पिंपळगाव राजा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गाव वाढते म्हणजे घरे वाढतात, एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. परंतु घर पडते, पुन्हा उभे राहते, मालक बदलतो. रस्ता मात्र एकदा आखला की पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहतो. म्हणून वाढत्या वस्तीचा पहिला प्रश्न वाटांचा आहे, आणि तो मुळात मालकीचा प्रश्न आहे.

जुन्या गावठाणात एका बोळातून दुसऱ्या बोळात निघता येते. नित्याच्या वहिवाटीने त्या वाटा जोडल्या गेल्या. गावठाणाबाहेर शेताचे प्लॉट पडू लागले की ही रीत मोडते. प्रत्येक मालक आपल्या सर्व्हे नंबरापुरता ले-आउट काढतो. रस्त्यात गेलेली जमीन विकता येत नाही. म्हणून रस्ता आखूड ठेवला जातो आणि शेवटच्या प्लॉटापाशी संपतो. शेजारचा मालकही तेच करतो. मध्ये भिंत उभी राहते. भिंतीपलीकडची शाळा दिसते, पण हमरस्त्यापर्यंत जाऊन वळसा घातल्याखेरीज तेथे पोचता येत नाही. मोटारवाल्याला हा वळसा जाणवत नाही. डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्या मजूर स्त्रीला तो रोज दोनदा जाणवतो.

हे दुखणे जगभरचे आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, १९७५ नंतरच्या नव्या वस्त्यांचे रस्ते जगाच्या मोठ्या भागात अधिकाधिक तुटक होत गेले. अमेरिकेत मात्र १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर ही तुटकता उतरणीस लागली. अर्थात ही निसर्गाची गती नव्हे. धोरणाने तिला वळण लावता येते.

तसे वळण लावणारा कायदा मुंबई इलाख्यात १९१५ सालीच झाला होता. अनेक मालकांच्या जमिनी एकत्र धरायच्या, आधी रस्ते व सार्वजनिक जागा काढायच्या आणि मग ज्याला त्याला हिश्शाचा प्लॉट द्यायचा, हे नगररचना योजनेचे तत्त्व. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले येथे अशा योजना झाल्या. १९६६ च्या कायद्यातही ही तरतूद आहे. परंतु गुजरातने ती नेटाने राबवली, महाराष्ट्रात ती मागे पडली. येथे २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला, २०२१ साली त्याची मुदत २०२० अखेरच्या बांधकामांपर्यंत वाढवली गेली. गरिबाचे छप्पर वाचले, हे योग्यच झाले. पण घर नियमित करता येते. न ठेवलेला रस्ता नियमित करता येत नाही.

जमीन महसूल संहितेचे कलम १४३ शेतकऱ्याला बांधावरून वाट मागण्याचा हक्क देते. अडवलेली वहिवाट खुली करण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ ने तहसीलदाराला दिला आहे. शेताला जो न्याय, तो वस्तीला का नसावा?

कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत दोन मागण्या लावून धराव्यात. गाव नकाशावरील प्रत्येक पांदण मोजून खुली व्हावी. आणि ले-आउट मंजूर होताना त्याचा रस्ता शेजारच्या हद्दीपर्यंत, पुढे जोडता येईल असा, नेण्याची अट असावी. प्लॉट विकले गेल्यावर मोर्चा काढणे म्हणजे वरातीमागून घोडे. शेतात कपाशी उभी आहे, तोवरच ही लढाई जिंकता येते.