एका शब्दानें वांचविलेलें बेट



समुद्रतळाच्या भूकंपानंतर किनाऱ्यावर चालून येणाऱ्या लाटांना आज सर्व जग ‘त्सुनामी’ म्हणतें. हा शब्द जपानी. ‘त्सु’ म्हणजे बंदर व ‘नामी’ म्हणजे लाट. नांव मार्मिक आहे. भरसमुद्रांत ही लाट इतकी ठेंगणी असते कीं नावाड्याला ती जाणवतहि नाहीं. बंदराच्या उथळ पाण्यांत शिरल्यावर ती डोकें वर काढते.

परंतु याच संकटाचा दुसरा एक शब्द मला अधिक मोलाचा वाटतो. सुमात्राच्या पश्चिमेस सिमेउलुए नांवाचें बेट आहे. तेथें १९०७ सालीं अशाच लाटेनें मोठा संहार केला. बचावलेल्यांनीं तिचें ‘स्मोंग’ हें नांव अंगाईंतून व गोष्टींतून नातवंडांपर्यंत पोंचविलें. त्या नांवांतच शिकवण होती: धरणी जोरानें हादरली आणि मागोमाग समुद्र ओसरला, तर मासे वेंचीत न बसतां टेकडी गांठावी.

२६ डिसेंबर २००४ रोजीं धरणी हादरली. इतरत्र कित्येक लोक उघडा पडलेला समुद्रतळ कौतुकानें पाहत उभे राहिले. सिमेउलुएवर मात्र ‘स्मोंग! स्मोंग!’ अशी आरोळी उठली. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर त्या दिवशीं दोन लाखांवर माणसें गेलीं. या बेटावरील सुमारें ७८,००० वस्तींतून अवघीं ७.

शब्दाची व्युत्पत्ति कोशांत सांपडते. मुलांना ती अवश्य सांगावी. पण त्यामागची गोष्टहि घरांतील वडीलधाऱ्यांनीं सांगावी, एवढीच माझी विनंति.