श्वासाची वाट : डाऊन सिंड्रोम असलेली मुले आणि टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडची शस्त्रक्रिया



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच हाताखाली मी या शाळेत मराठी शिकलो. त्यामुळे निमंत्रण आले तेव्हा आनंदाबरोबर संकोचही वाटला. मी संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील मराठीवर बोलेन अशी संयोजकांची अपेक्षा असावी. मी विषय लिहून पाठवला, त्या दिवशी संध्याकाळी कार्यवाहांचा दूरध्वनी आला, "सर, विषय बरोबरच लिहिलाय ना?" बरोबरच लिहिला होता. मी वैद्य नाही. पण हा विषय मला गुरुजींनीच प्रथम शिकवला, आणि पुढे साठ वर्षांनी मी तो विसरलो. त्या विसरण्याची कबुली द्यावी म्हणून आज येथे उभा आहे.

1960 च्या सुमाराची गोष्ट. आम्ही चौथीत होतो. अनगोळहून चालत येणारा एक मुलगा आमच्या वर्गात होता. तो "नमस्कार गुरुजी" न म्हणता "दबस्कार गुरुजी" म्हणे. सगळा वर्ग हसे. एके दिवशी गुरुजींनी त्याला जवळ बोलावले आणि तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायला सांगितले. थोड्याच वेळात त्याचा चेहरा लाल झाला आणि तोंड आपोआप उघडले. गुरुजी आमच्याकडे वळून म्हणाले, "हसू नका. चूक त्याची नाही. त्याची वाट बंद आहे." त्याच आठवड्यात ते मुलाच्या घरी गेले आणि वडिलांना घेऊन इस्पितळात पोचले. नाकाच्या मागची वाढलेली गाठ काढली गेली. दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा वर्गात आला आणि सगळ्यांच्या देखत "नमस्कार" म्हणाला.

यामागचे ध्वनिशास्त्र मला महाविद्यालयात कळले. 'म' उच्चारताना ओठ मिटतात आणि श्वास नाकावाटे जातो. 'न' उच्चारताना जीभ वर टेकते, तेव्हाही श्वासाची वाट नाकातूनच असते. मागून नाक बुजले असेल तर 'म'चा 'ब' आणि 'न'चा 'द' ऐकू येतो. अनुनासिकाची व्याख्या करताना पाणिनीने मुखाबरोबर नासिकेचा उल्लेख केला, तो उगाच नव्हे. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात असलेल्या या ग्रंथिमय पेशीसमूहाला अ‍ॅडेनॉइड म्हणतात. तोंड उघडून पाहिले तर टॉन्सिल दिसतात, अ‍ॅडेनॉइड दिसत नाही. त्याच्या वाढीचे वर्णन कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर यांनी 1868 मध्ये प्रसिद्ध केले. कमी ऐकू येणे आणि बोलण्यातील नासिक्य वर्ण हरवणे या दोन्हींचा संबंध त्यांनी या वाढीशी जोडला. म्हणजे हा रोग ओळखण्यात कानाने ऐकलेल्या उच्चाराचाही मोठा वाटा होता. आमच्या गुरुजींनी मेयर यांचे नाव ऐकले होते की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी मुलाचे ऐकले, एवढे मात्र खरे.

आता माझ्या विस्मरणाकडे येतो. माझ्या मुलीचा मुलगा डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला. मनुष्याच्या पेशीत सामान्यतः 46 गुणसूत्रे असतात. या मुलांत बहुधा 21 वे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी 1866 मध्ये या मुलांचे वर्णन केले. जादा गुणसूत्राचा शोध पॅरिसमध्ये लागून 1959 मध्ये प्रसिद्ध झाला. डाऊन यांनी या मुलांना एका मानववंशाचे नाव चिकटवले होते. ते नाव शास्त्रदृष्ट्या चुकीचे होते आणि एका संपूर्ण समाजाचा अवमान करणारे होते. 1960 च्या दशकात ते वैद्यकाच्या अधिकृत परिभाषेतून बाजूला पडू लागले. नावे बदलतात, पण नावांमागे दडलेल्या समजुती इतक्या लवकर बदलत नाहीत, हे पुढे माझ्याच घरात दिसले.

नातू तीन वर्षांचा झाला, तरी त्याची झोप आम्हाला चमत्कारिक वाटे. तो मांडी घालून पुढे वाकून झोपे, नाहीतर मान पूर्ण मागे टाकून. थंडीच्या दिवसांतही त्याचे डोके घामाने भिजे. तो मोठ्याने घोरे, मध्येच घोरणे थांबे, काही क्षण शांतता पसरे आणि मग एकदम दचकल्यासारखा श्वास घेऊन पुन्हा घोरणे सुरू होई. दिवसा तो पेंगे किंवा विनाकारण चिडे. बालवाडीतून निरोप आला, "लक्ष लागत नाही, मंद आहे." एका डॉक्टरांना विचारले, ते म्हणाले, "या मुलांचं असंच असतं." आम्हीही एकमेकांना तेच सांगू लागलो. घरात मला सगळे 'नाना' म्हणतात. नातू 'दादा' म्हणे. मी कौतुकाने सगळ्यांना सांगत असे की, याने मला बढती देऊन दादा केले. आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'न' आणि 'द' यांतला भेद शिकवला, आणि घरातला 'द' मला ऐकू आला नाही.

ऐकू आला तो माझ्या पत्नीला. एका रात्री तिने घड्याळ समोर ठेवून श्वासातले खंड मोजले आणि सकाळी मला म्हणाली, "अहो, हा झोपत नाही. रात्रभर श्वासासाठी झगडतो."

मग आम्ही नीट चौकशी केली आणि पुष्कळ गोष्टी समजल्या. या मुलांच्या चेहऱ्याचा मधला भाग लहान असतो, घशाची पोकळी अरुंद असते आणि स्नायू सैल असतात. जीभ तोंडाच्या मानाने मोठी ठरते आणि झोपेत मागे पडते. टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड फार मोठे नसले, तरी अडचण होते. घर लहान आणि पाहुणे नेहमीएवढेच, अशी ही स्थिती. सर्वसाधारण मुलांमध्ये झोपेतील श्वासरोध शेकडा 1 ते 5 जणांना होतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत तो साधारण निम्म्या किंवा त्याहून अधिक जणांना आढळतो. श्वास अडला की रक्तातला प्राणवायू घटतो आणि मेंदू मुलाला अर्धवट जागे करतो. रात्रभर हे चालले तर दिवसा लक्ष कुठून लागणार? शिवाय यांपैकी जवळपास निम्मी मुले हृदयाचा जन्मजात दोष घेऊन येतात. प्राणवायूची रोजची तूट फुफ्फुसातील रक्तदाब वाढवते आणि हृदयावरचा भार वाढतो. अ‍ॅडेनॉइडमुळे मधल्या कानात पाणी साठते, मुलाला कमी ऐकू येते आणि जे ऐकूच येत नाही ते बोलता येत नाही. आपण ज्याला मंदपणा म्हणतो, त्यातला काही भाग अपुऱ्या झोपेचा आणि काही भाग बंद कानाचा असू शकतो. तो भाग किती, हे उपचार केल्याशिवाय कळत नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, घरच्यांच्या अंदाजावर विसंबू नये. रात्रभर मुलाला झोपवून त्याचा श्वास, प्राणवायू, हृदयाचे ठोके आणि मेंदूच्या लहरी नोंदवणारी चाचणी असते. तिला स्लीप स्टडी म्हणतात. न घोरणाऱ्या मुलातही श्वासरोध सापडतो. आईबापांचे निरीक्षण आणि चाचणीचा निष्कर्ष पुष्कळदा जुळत नाही, हे अभ्यासांतून दिसले आहे. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2011 मध्ये या सर्व मुलांची चाचणी चौथ्या वर्षापर्यंत करावी असे सुचवले. 2022 च्या सुधारित मार्गदर्शनात तिसरे ते चौथे वर्ष असे वय दिले आहे. लक्षण दिसो वा न दिसो. आम्ही नातवाला बंगळूरला नेऊन ही चाचणी केली. तिचा कागद पाहिला तेव्हा 'गाढ झोपतो' हे आमचे वाक्य किती खोटे होते ते कळले.

श्वासरोध ठरला की टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढणे हा बहुधा पहिला उपाय असतो. इतर मुलांसाठी ही नित्याची शस्त्रक्रिया आहे. या मुलांसाठी ती नित्याची समजू नये, हे माझे दुसरे सांगणे. हृदयाची तपासणी आधी हवी. थायरॉइडचीही हवी, कारण त्याची कमतरता या मुलांत वारंवार आढळते आणि तिने श्वासरोध वाढतो. मानेचे पहिले दोन मणके काहींमध्ये सैल असतात, आणि टॉन्सिल काढताना मान मागे झुकवावी लागते. म्हणून चालण्यात बदल, हातापायांत अशक्तपणा, मानदुखी असे काही असल्यास ते आधीच सांगावे, आणि शस्त्रक्रियेत मान बेताने हाताळावी. श्वासनलिका अरुंद असल्याने भूलतज्ज्ञाला वयाच्या हिशेबापेक्षा लहान नळी लागू शकते. भूल देताना हृदयाचे ठोके मंदावण्याचा संभवही या मुलांत अधिक असतो. हे सारे भूलतज्ज्ञ जाणतात. तरी आईबापांनी संकोच न करता विचारावे. विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे.

टाळूही तपासून घ्यावी. पडजीभ दुभंगलेली असेल किंवा टाळूच्या त्वचेखाली फट असेल, तर संपूर्ण अ‍ॅडेनॉइड काढल्याने उलटी अडचण उद्भवते. आधी नाकाची वाट बंद होती, आता ती मिटतच नाही. 'ब'चा 'म' होतो आणि प्यालेले दूध नाकातून येते. टाळूचे स्नायू सैल असल्याने या मुलांत हा धोका थोडा अधिकच. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे आवाज नाकातून येणे स्वाभाविक आहे. पुढेही तसाच राहिला तर मात्र वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जावे.

शस्त्रक्रियेनंतर मुलाला त्याच दिवशी घरी आणण्याची घाई नको. निदान एक रात्र प्राणवायूवर लक्ष ठेवणाऱ्या इस्पितळात काढावी, कारण श्वासाच्या तक्रारी या मुलांत जास्त होतात. आम्ही दोन रात्री राहिलो. दुसरी अडचण पाणी पिण्याची. घसा दुखतो, मूल तोंड मिटते आणि शरीर कोरडे पडते. आमच्या घरात गार पेज चमच्याचमच्याने देणे हा चार दिवसांचा उद्योग होता. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसांत जखमेची खपली सुटते, तेव्हा रक्तस्राव होऊ शकतो. लाल रक्त दिसले तर वाट न पाहता इस्पितळ गाठावे. वेदनेसाठी घरातल्या डब्यातले औषध देऊ नये. कोडीन असलेल्या औषधाने या शस्त्रक्रियेनंतर काही मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झाल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये त्याविरुद्ध कडक इशारा दिला. आपले डॉक्टर सांगतील तेच आणि तेवढेच द्यावे.

आता तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे. शस्त्रक्रिया झाली म्हणजे प्रकरण संपले, असे नाही. या मुलांपैकी पुष्कळांत, काही अभ्यासांनुसार निम्म्याहून अधिकांत, काही श्वासरोध नंतरही उरतो, कारण गाठी काढल्या तरी जीभ, जिभेच्या मुळाशी असलेले टॉन्सिल आणि सैल स्नायू तेथेच असतात. म्हणून काही महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी. आमच्या नातवाचा त्रास पुष्कळ कमी झाला, पण संपला नाही. त्याला रात्री नाकावर मुखवटा बसवून दाबाने हवा देणारे यंत्र लागले. पहिल्या रात्री त्याने मुखवटा भिरकावला. तेव्हा आजीने तो स्वतः लावून दाखवला आणि "मी दशावतारातला देव" म्हणून हात हलवले. आठवडाभर घरात देवच देव झाले. मग एका रात्री तो मुखवटा लावून झोपला.

या शस्त्रक्रियेने डाऊन सिंड्रोम जात नाही. तो जावा अशी अपेक्षा धरून कोणी मुलाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊ नये. तिने झोप मिळते, आणि झोप मिळाली की मूल स्वतःच्या मापाने पुढे जाऊ शकते. आमचा नातू आता वर्गात पेंगत नाही. मला काही दिवस तो 'नाना' म्हणतो, काही दिवस 'दादा'. त्याच्या जिभेच्या आणि ओठांच्या स्नायूंचेही काम असल्याने सगळे श्रेय गाठींना देता येणार नाही. मी दोन्ही हाकांना ओ देतो.

उपस्थित शिक्षकांना एक विनंती करून थांबतो. 'यांचे असेच असते' हे वाक्य दयेचे वाटते, पण ते तपासणीचे दार बंद करते. लक्षणाला स्वभाव समजले की उपचार थांबतो. तुमच्या वर्गात तोंड उघडे ठेवून बसणारे, पेंगणारे, 'म'ला 'ब' म्हणणारे मूल असेल, ते कोणत्याही गुणसूत्रांचे असो, तर त्याच्या पालकांशी बोला. साठ वर्षांपूर्वी याच शाळेतले एक शिक्षक त्यासाठी अनगोळपर्यंत चालत गेले होते. त्यांना मानसशास्त्राची किंवा वैद्यकाची पदवी नव्हती. विद्यार्थ्याने चुकीचे उच्चारलेले अक्षर दुरुस्त करण्याआधी ते का चुकले हे पाहावे, एवढेच त्यांना माहीत होते. मला ते विद्यावाचस्पती झाल्यावरही पुन्हा शिकावे लागले.