जठरात सापडलेलं स्वादुपिंड

मुलुंडकर श्रोतेहो, वसंत व्याख्यानमालेत पोटातल्या गाठींवर ऐकायला तुम्ही एवढ्या उकाड्यात आलात, तेव्हा जड शब्द होतील तेवढे टाळतो.

अंधेरी-बोरिवली घ्या नाहीतर घाटकोपर-मुलुंड, एंडोस्कोपी आता घराजवळ होते. ॲसिडिटी हटत नाही म्हणून माणूस दुर्बीण घालून घेतो आणि रिपोर्टात एक ओळ येते: जठराच्या शेवटच्या भागात अस्तराखाली गाठ. त्या रात्री घरात कुणाला झोप नाही. भाचा मोबाइलवर शोधत शोधत कॅन्सरपर्यंत पोचलेला असतो. अशा गाठींपैकी काही म्हणजे निव्वळ स्वादुपिंडाचा, म्हणजे पॅनक्रियासचा, चुकीच्या जागी वाढलेला तुकडा असतो. आणि बहुतेकदा त्याला हात लावायचं काहीच कारण नसतं.

आईच्या पोटात स्वादुपिंड दोन कोंबांतून वाढतं. पुढचा कोंब आतड्याबरोबर वळून मागे जातो आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास दुसऱ्याला मिळतो. या धावपळीत पेशींचा एखादा पुंजका जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीत अडकून राहतो, असं एक मत. दुसरं मत असं, की पेशी कुठून आलेल्या नसतातच. तिथल्याच पेशी स्वादुपिंडाची वाट धरतात. क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं, की हेस-१ हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या पिल्लांत जठरात आणि पित्तनलिकेत स्वादुपिंड उगवतं. मला दुसरं मत जास्त पटतं, पण माणसाच्या बाबतीत वाद मिटलेला नाही.

ही गोष्ट नवी नाही. १७२७ मध्ये शुल्ट्झ यांनी तिची पहिली नोंद केली. शवविच्छेदनाच्या निरनिराळ्या पाहण्यांत शंभरात अर्ध्यापासून तेरा-चौदा जणांपर्यंत हा तुकडा सापडल्याचे आकडे आहेत. म्हणजे या सभागृहातही एकदोघांकडे तो असेल आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल.

दुर्बिणीतून ही गाठ एक-दोन सेंटिमीटरची, गुळगुळीत दिसते, आणि पुष्कळदा तिच्या मध्यावर बेंबीसारखा खळगा असतो. ते तिच्या नळीचं तोंड. मूळ स्वादुपिंडाशी ना नळीचा संबंध, ना रक्तवाहिनीचा. कापून काचपट्टीवर घेतली, की जठराच्या अस्तराखाली पाचक रस बनवणाऱ्या पेशींचे घोस दिसतात, टोकाशी गुलाबी कण भरलेले. मध्ये नळ्या आणि कधीकधी इन्सुलिन बनवणारी फिकट बेटंसुद्धा. शिकाऊ डॉक्टर हमखास विचारतो, 'सर, स्लाइड बदलली का?'

घोटाळा इथेच होतो. साध्या चिमट्याने घेतलेली बायोप्सी वरच्या अस्तराचीच येते. खालची गाठ तशीच राहते आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. मग कुणी निर्धास्त होतं, कुणी घाबरून ऑपरेशन करून घेतं. अशा वेळी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड उपयोगी पडतो: गाठ भिंतीच्या कुठल्या थरातून आली हे त्यात कळतं. स्नायूच्या थरातून येणारी जिस्ट नावाची गाठ वेगळी आणि तिचा हिशोबही वेगळा.

मात्र हा तुकडा नेहमीच गरीब नसतो. मूळ स्वादुपिंडाचे आजार त्यालाही होतात: सूज, गळू, क्वचित कॅन्सर. जठराच्या खालच्या तोंडाशी असला तर वाट अडवतो. लहान आतड्याच्या शेवटाकडे शंभरात दोघांना मेकेलची पिशवी असते. तिच्यातही तो सापडतो. मुलांमध्ये कधीकधी अशाच जागेवरून आतड्यात आतडं शिरतं.

म्हणून विनंती. रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: गाठ कुठल्या थरात आहे, आणि नाही काढली तर काय होईल? पण शौच डांबरासारखं काळं झालं किंवा उलट्या थांबत नसतील, तर विचारत बसू नका. आणि लहान मूल थांबून थांबून कळवळत असेल, शौचात रक्त-शेंब दिसत असेल, तर सकाळची वाट न बघता मुलांचा सर्जन असलेल्या रुग्णालयात त्याच रात्री न्या.