शून्यांचा हिशेब आणि पाण्याचा हिशेब

बारामती व इंदापूर या तालुक्यांत पाण्याचा हिशेब घरोघर चालतो. नीरा डाव्या कालव्याचें पाणी या मुलखाला एकोणिसाव्या शतकापासून मिळत आलें आहे. त्या पाण्याचा मोठा सांठा भोर तालुक्यांतील भाटघर धरणांत होतो. इंदापूरच्या उत्तरेस भीमेवरील उजनी धरणाचा जलाशय पसरलेला आहे. भाटघरांत सुमारें २४ टी. एम. सी. पाणी मावतें आणि उजनींत सुमारें ११७. एक टी. एम. सी. म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. तो हिशेब पुरा मांडला तर भाटघर २४,००,००,००,००० आणि उजनी १,१७,००,००,००,००० घनफूट होतें. या रांगेंतून एक शून्य गळलें, तर धरण कागदावर दहापट लहान होतें आणि कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

हा घोटाळा टाळण्यासाठीं शास्त्रज्ञ संख्येचे दोन भाग करतात. पहिला भाग एक किंवा त्याहून मोठा, पण दहाहून लहान. दुसरा भाग दहाचा घात. या रीतीनें भाटघर म्हणजे २.४ गुणिले दहाचा १० वा घात, आणि उजनी म्हणजे १.१७ गुणिले दहाचा ११ वा घात. २.४ हा आंकडा १.१७ हून मोठा दिसला, तरी नजर आधीं घातांकाकडे जावयास हवी.

या कल्पनेचें बीज आपल्याकडे जुनेंच आहे. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’ंत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें आहेत. प्रत्येक स्थान मागच्याच्या दसपट. त्या भाषेंत भाटघर २.४ खर्व आणि उजनी १.१७ निखर्व भरेल. परंतु खर्व कोणता आणि निखर्व किती पुढें, हें पाठ असावें लागतें. १० व ११ हे अंक तें स्वतःच सांगतात.

आतां हिशेबाची सोय पाहावी. एक टी. एम. सी. म्हणजे २.८३ गुणिले दहाचा १० वा घात इतके लिटर. गांवच्या नळयोजनेंत माणशीं रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला माणशीं सुमारें २ गुणिले दहाचा ४ था घात, म्हणजे वीस हजार लिटर लागतात. भागाकारांत घातांक वजा होतात. दहांतून चार गेले, सहा उरले. उत्तर सुमारें १.४ गुणिले दहाचा ६ वा घात, म्हणजे १४ लक्ष माणसें. वाटेंतील गळती व बाष्पीभवन यांत धरलेलें नाहीं. घातांक एकानें चुकला, तर बारा लक्षांहून अधिक माणसें हिशेबाबाहेर राहतात.

लहान मापांना घातांक ऋण होतो. दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे दहाचा उणे २ रा घात इतके मीटर. एका हेक्टरांत दहाचा ४ था घात इतके चौरस मीटर असतात. गुणाकारांत घातांक मिळवावयाचे: उणे दोन आणि चार मिळून दोन. म्हणजे एका हेक्टरावर शंभर घनमीटर, अर्थात् एक लक्ष लिटर पाणी पडलें.

या लेखनांत प्रामाणिकपणाहि आहे. शून्यांची लांब रांग घनफूट न् घनफूट मोजल्याचा भास निर्माण करते. २.४ इतकेंच लिहिणारा मात्र दोनच अंकांची हमी देतो. आणि जेथें धरणांत गाळ सांचत असतो, तेथें तितकीच हमी खरी.