धुऱ्याची रेघ एकच असावी



युनियनच्या माणसाने नकाशावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मजुरीच्या तंट्यात काय आणि धुऱ्याच्या तंट्यात काय, कागद ज्याच्या बाजूने त्याची बाजू भक्कम. तेव्हा तो कागद बनतो कसा, हे आपणांसारख्यांनी समजून घेतलेच पाहिजे. मी शाळेत थोडा शिकलो. हे पुढे विचारून विचारून शिकलो.

जुनी मोजणी 33 फुटांच्या साखळीने होई. साखळीचे आणे 16; एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. ते जुने नकाशे आता संगणकात उतरवले जातात. संगणकाच्या लेखी शेत म्हणजे बिंदूंची माळ. जेथून निघाली तेथेच येऊन मिटलेली. या बंद आकृतीला बहुभुज म्हणतात.

आता घोटाळा कोठे होतो पाहा. दोन शेतांमधला धुरा एकच. पण संगणकात तो पुष्कळदा दोनदा काढला जातो, एकदा तुमच्या शेतासाठी, एकदा शेजाऱ्याच्या. 1:5000 प्रमाणाच्या नकाशावर हात अर्धा मिलिमीटर चळला, की जमिनीवर अडीच मीटरांचा फरक पडतो. रेघा एकमेकींवर चढल्या तर मधली पट्टी दोघांची दिसते. दूर राहिल्या तर कोणाचीच नाही. शिवाय बिंदू उलटसुलट ओवले गेले तर आकृतीला डमरूसारखा पीळ बसतो आणि क्षेत्रफळच चुकते. आपले शेंदूरजनाघाट तर मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ. दोन राज्यांचे नकाशे दोन कार्यालयांत होतात. ते शेजारी ठेवून जोडले की शिवेवर हाच प्रश्न उभा राहतो.

हे दोष शोधता येतात. क्यूजीआयएस नावाची नकाशांची प्रणाली 2002 साली सुरू झाली. ती कोणालाही फुकट मिळते. तिला नियम सांगावयाचे : मध्ये फट नको, एकावर एक चढलेले नको, एकच आकृती दोनदा नको. ती साऱ्या गावाचा नकाशा तपासून दोषांची यादी पुढे ठेवते. येथवर उत्तम.

खरी मेख दुरुस्तीत आहे. बारीक पट्टी शेजारच्या शेतात मिळवून टाकण्याची सोय त्याच प्रणालीत आहे. कोणत्या शेजाऱ्याच्या? पर्याय तीन : क्षेत्राने सर्वांत मोठा, सर्वांत लहान, किंवा ज्याची हद्द सर्वांत जास्त लागून आहे तो. समजा, पट्टी एक मीटर रुंद आणि 200 मीटर लांब आहे. म्हणजे जवळजवळ दोन गुंठे; सहा बाय सहा मीटरवर लावलेली संत्र्याची पाच झाडे! पहिला पर्याय निवडला, की पाच झाडांची जागा नकाशावर मोठ्या शेतकऱ्याकडे गेली. ना नोटीस, ना भांडण. आणि कोणाच्या मनात पापही नाही. केवळ नकाशाने मालकी ठरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण उद्या रस्त्यासाठी जमीन घेताना पहिली नजर जाते ती नकाशावरच.

म्हणून माझे म्हणणे तीन कलमांत सांगतो. एक, सामाईक धुऱ्याची रेघ एकदाच काढावी आणि दोन्ही शेतांनी तीच वापरावी. दोन, दोषांची यादी कार्यालयातच न ठेवता ग्रामसभेत वाचून दाखवावी. तीन, दुरुस्ती दोन्ही खातेदारांसमक्ष, जागेवर मोजणी करूनच व्हावी.

यंत्र तंटा कोठे आहे ते सांगते. न्याय कोणाचा ते सांगत नाही. ते हद्दीचे दगड सांगतात, जुनी मोजणी सांगते, आणि समोरासमोर उभे राहिलेले दोन शेजारी सांगतात. आपल्या गटाचा नकाशा एकदा काढून पाहा, आणि पाहताना शेजाऱ्याला सोबत घ्या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.