चंद्रवळ्ळीचे देनारियस आणि आपले कॅमेरे



म्हैसूरला येऊन नाण्यांवर बोलायचं, तर आधी इथल्या प्राच्य ग्रंथालयाला नमस्कार करायला हवा. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी १९०५ मध्ये इथेच आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ मध्ये त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. त्या ग्रंथात नाणी पारखणारा ‘रूपदर्शक’ नावाचा अधिकारी आहे. आपण सगळे त्याच्याच खात्यातले बिनपगारी कारकून!

माझा विषय रोमन चांदीचा, म्हणजे ‘देनारियस’ या नाण्यांचा. बंगळूरजवळ यशवंतपूरला १८९१ मध्ये रेल्वेच्या कामात १६३ रोमन चांदीची नाणी निघाली. १९६५ मध्ये बंगळूरच्याच एचएएल या विमान कारखान्याच्या परिसरात आणखी २५६. त्यांच्यापुढे चित्रदुर्गजवळच्या चंद्रवळ्ळीची मोजकी नाणी अगदीच किरकोळ. तरी मला निवड करायला सांगाल, तर मी चंद्रवळ्ळीकडेच बोट दाखवीन. तिथे आर. नरसिंहाचार आणि एम. एच. कृष्ण यांच्यानंतर १९४७ मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी खोदलं. देनारियसबरोबर त्याचा थर हाती आला, त्या थरातली खापरं आणि सातवाहनांची नाणी हाती आली. दक्षिणेतल्या खापरांचा काळ ठरवायला त्याचा मोठा आधार झाला. मखमलीच्या डबीतलं नाणं कितीही देखणं असो, त्याला हे काम जमत नाही.

आपल्याकडे येणारे देनारियस बहुतेक ऑगस्टस आणि टायबेरियस या सम्राटांचे. त्यातला ऑगस्टसचा एक प्रकार भिंगाखाली धरून बघा. मागच्या बाजूला गायस आणि ल्युसियस हे त्याने दत्तक घेतलेले दोन नातू उभे आहेत, मध्ये ढाली आणि भाले, आणि वर डोक्याच्या पातळीला दोन बारीक वस्तू: एक पुरोहिताची वाकडी काठी आणि दुसरी चक्क पळी. आपल्या देवघरातल्या पळीची रोमन बहीण. दोघेही नातू तरुणपणीच गेले, पण त्यांची नाणी दख्खनपर्यंत पोचली.

इथल्या लोकांचा याच नाण्यांवर विश्वास का? रोमन लेखक प्लिनी लिहितो की श्रीलंकेच्या राजाला रोमन नाण्यांचं मोठं अप्रूप वाटलं. चेहरे वेगवेगळ्या सम्राटांचे, वजन मात्र सारखं. पुढे इसवी सन ६४ मध्ये नीरोने एका रोमन रत्तलातून ८४ ऐवजी ९६ नाणी पाडायला सुरुवात केली, चांदीतही भेसळ वाढवली. आपल्या साठ्यांत त्यानंतरची चांदी फारच कमी दिसते. व्यापारी कुठलाही असो, तराजू त्याला कळतोच.

महाराष्ट्रात मात्र हे देनारियस फारसे मिळत नाहीत. ते वितळवून पश्चिमी क्षत्रपांनी आपली नाणी पाडली, असा तर्क आहे आणि मला तो पटतो. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली. त्यातल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. राज्य बदललं, चांदी तीच राहिली.

आता कॅमेऱ्याकडे येतो. चांदीचा फोटो काढणं सोन्यापेक्षा अवघड, कारण ती आरशासारखी उजेड परतवते. भिंगाच्या खाली ४५ अंशांत साधी काच धरा, बाजूचा उजेड तिच्यावरून नाण्यावर उतरू द्या. अक्षरं वाचता येतात. मग काच काढून एका बाजूने तिरपा उजेड टाका, म्हणजे उठाव कळतो. दोन्ही फोटो ठेवा. शेजारी मिलिमीटरची पट्टी हवीच. आणि कड! कडेचा फोटो आपल्यात जवळपास कोणीच काढत नाही. ओतीव नकलीचा सांधा बऱ्याचदा तिथेच पकडता येतो.

भारतात सापडलेल्या अनेक देनारियसवर बारीक ठसे आणि टोचे असतात. विक्रेते त्यांना ‘डाग’ म्हणतात, काही हौशी मंडळी फोटोत ते पुसूनही टाकतात. हा माझ्या मते गुन्हाच आहे. हे नाणं इथल्या कोणाच्या हातातून गेलं, याचा पुरावा तेवढाच उरलेला असतो. शिवाय दोन नाणी एकाच साच्याची आहेत का, हे फोटो शेजारी ठेवूनच ठरवतात. सफाई केलेला फोटो त्या कामातून बाद.

कायद्याचंही सांगतो. १८७८ चा निखात निधी कायदा म्हणतो की दहा रुपयांहून अधिक मोलाचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवलं पाहिजे. दहा रुपयांत आज चहाही मिळेनासा झालाय, म्हणजे सूट कोणालाच नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

तेव्हा दुपारच्या सत्रात आपापली नाणी घेऊन या. वजन दोन दशांशांपर्यंत घेऊ. आणण्याआधी चिंच-लिंबू लावून चकचकीत करू नका. ज्या पाकिटातून नाणं आलं ते पाकीट, जुन्या मालकाची चिठ्ठी, गावाचं नाव खरडलेला कागद, सगळं बरोबर आणा. आधी त्याचा फोटो काढू, मग नाण्याचा.