यादीत नसलेली नावे



सुगीची घाई ओसरली, संध्याकाळी शेकोटीभोवती माणसे जमू लागली, की साधारण त्याच सुमारास सिनेमाच्या बक्षिसांच्या याद्या वर्तमानपत्रांत झळकू लागतात. चार-पाच नावे जाहीर होतात. निकाल अजून लांब असतो. पण गंमत तिथूनच सुरू होते. यादीत कोण आहे याची चर्चा दोन मिनिटांत आटोपते, आणि कोण नाही याची चर्चा रात्रभर पुरते. "अहो, तिचं नाव नाही म्हणजे काय?" "सगळा वशिल्याचा मामला!" "आणि हा कोण? ह्याचा सिनेमा आपल्या तालुक्याला आलासुद्धा नाही!" पारावर, एस.टी. स्टँडवर, शाळेच्या मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत, सगळीकडे हेच.

काही शहाणी माणसे म्हणतात, हा रिकामटेकडेपणा आहे. मला तसे वाटत नाही. चित्रपटावर भांडणारा माणूस निदान तो डोळे उघडे ठेवून पाहतो. माझे म्हणणे एवढेच, की भांडायचे तर चाळण कोणाच्या हातात होती आणि तिची भोके केवढी होती, हे आधी विचारून घ्यावे. धान्य खाली पडले नाही म्हणजे ते खराब होते असे नव्हे. कधी दाणाच भोकापेक्षा मोठा असतो.

आता हे नामांकन म्हणजे काय? अखेरच्या निवडीपूर्वी निघालेली छोटी यादी. तीसुद्धा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रीतीने निघते. अमेरिकेतील ऑस्करचे उदाहरण घ्या. तिथे नटांची नावे नट सुचवतात, दिग्दर्शकांची नावे दिग्दर्शक सुचवतात. आणि यादी पक्की झाल्यावर अखेरचे मत मात्र सर्व सभासद देतात. सुतारकामाची पारख सुताराने करायची, आणि मग पाटाला बक्षीस द्यायचे की पोळपाटाला, हे साऱ्या गावाने ठरवायचे, असा तो प्रकार. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांसाठी सरकार परीक्षक मंडळ नेमते. 'फिल्मफेअर'ची पारितोषिके 1954 साली एका नियतकालिकाने सुरू केली आणि त्यांत वाचकांच्या मतांना जागा दिली. तेव्हा तीन ठिकाणी तीन वेगळी नावे निघाली तर त्यात आश्चर्य ते काय?

आता तुम्हांला आवडेल असे एक जुने प्रकरण सांगतो. 'मुघल-ए-आझम' 1960 च्या ऑगस्टमध्ये झळकला. त्याचे नाव ऐकले नाही असा माणूस आपल्यात विरळा. पुढल्या वर्षी, 1961 साली, फिल्मफेअरची पारितोषिके जाहीर झाली, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला अर्थातच 'मुघल-ए-आझम'. इथवर ठीक. पण उत्कृष्ट दिग्दर्शक? के. आसिफ नव्हेत, बिमल रॉय, 'परख' या चित्रपटासाठी. उत्कृष्ट संगीत? नौशाद नव्हेत, शंकर-जयकिशन, 'दिल अपना और प्रीत पराई'साठी. उत्कृष्ट नट दिलीपकुमारच, पण सलीमच्या भूमिकेसाठी नव्हे. 'कोहिनूर' या हलक्याफुलक्या चित्रपटासाठी! आणि अनारकलीची भूमिका करणाऱ्या मधुबालेचे नाव यादीत होते, तरी पारितोषिक गेले 'घुंघट'मधल्या बीना रायला.

काय म्हणाल याला? पुष्कळ लोक अजूनही याला घोर अन्याय म्हणतात. मी या प्रकरणाचे दोन भाग करतो. दिग्दर्शनाचा निकाल मला पटतो. 'परख'ची कथाच पाहा. एका खेड्यात पाच लाखांचा धनादेश येतो. गावाचे भले करील अशा लायक माणसाला तो द्यावयाचा आहे. झाले! जमीनदार, वैद्य, पुजारी, एकाएकी सगळेच गावाचे कैवारी होतात. खेड्यातले नेहमीचे चेहरे, साधी घरे, आणि माणसाच्या मनातला लोभ हळूहळू वर येताना दिसतो. हत्ती, घोडे, आरसेमहाल उभे करणे हे थोर काम खरेच. परंतु काहीही थाटमाट न करता माणूस उभा करणे हेही तितकेच थोर. आणि योगायोग पाहा, लायक माणूस कसा निवडावा याच विषयावरचा चित्रपट निवडणाऱ्यांना निवडावासा वाटला!

मधुबालेचे मात्र मला आजही पटत नाही. हृदयाच्या दुखण्याने ती पोखरली होती, आणि त्याच दिवसांत तिने ती भूमिका केली. 1969 च्या फेब्रुवारीत ती गेली, अवघी छत्तीस वर्षांची होऊन. फिल्मफेअरच्या यादीत तिचे नाव आले ते त्या एकदाच. बीना राय वाईट होती असे माझे म्हणणे नाही. पण आज 'घुंघट' किती जणांना आठवतो, ते तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाच विचारा.

इथे मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मधुबालेला निदान यादीत जागा तरी होती. काही माणसांच्या कामाला बसायला पाटच मांडलेला नसे.

'श्यामची आई' तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. साने गुरुजींचे पुस्तक, आचार्य अत्र्यांचे दिग्दर्शन. 1954 साली राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, आणि उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या मराठी चित्रपटाने मिळवले. पण ज्या वनमालाबाईंनी ती आई उभी केली, ज्या लहानग्या माधव वझेने श्याम केला, त्यांना काय मिळाले? सरकारी पदक काही नाही. त्यांचे काम कोणी डावलले म्हणून नव्हे. नटांसाठी राष्ट्रीय पुरस्कारच नव्हता! तो 1967 च्या चित्रपटांपासून सुरू झाला. बालनटांचा त्याच्याही नंतर. म्हणजे चौदा वर्षे देशातल्या कोणाही नटाचे नाव 'गळाले' असे म्हणायची सोयच नव्हती, कारण चाळणीत त्यांना टाकलेच नव्हते.

गाणाऱ्यांचीही तीच कथा. 1957 साली शंकर-जयकिशन यांना 'चोरी चोरी'च्या संगीतासाठी फिल्मफेअर मिळाले. समारंभात त्यातले गाणे लता मंगेशकरांनी गावे अशी जयकिशन यांची इच्छा होती. लताबाईंनी साफ नकार दिला. त्यांचा मुद्दा सरळ होता: पारितोषिक संगीताला आहे, गाणाऱ्याला नाही, गीत लिहिणाऱ्याला नाही, मग गाण्याशिवाय नुसती वाद्येच वाजवा की! भांडण जयकिशनशी नव्हते, रकान्याशी होते. आणि त्याचा उपयोग झाला बरे का. 1959 साली गायनासाठी आणि गीतलेखनासाठीही पारितोषिके सुरू झाली. गायनाचे पहिले लताबाईंनाच मिळाले, 'मधुमती'तल्या गाण्यासाठी. तरीही पुरुष गायक आणि स्त्री गायिका एकाच रकान्यात कोंबलेल्या होत्या. ते वेगळे व्हायला आणखी जवळजवळ नऊ वर्षे गेली. म्हणून म्हणतो, तक्रार करणाऱ्याला लगेच रिकामटेकडा म्हणू नये. तक्रार नेमकी असली तर यादीचा कागदच बदलतो.

आता अलीकडच्या काळात येऊ. 2024 साली जे घडले ते आपल्या कोकणच्या माणसांनी तरी जरूर ऐकावे असे आहे.

पायल कपाडिया या दिग्दर्शिकेचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' हा चित्रपट त्या वर्षी फ्रान्समधल्या कान महोत्सवात मुख्य स्पर्धेत होता. भारतीय चित्रपट तिथवर पोहोचायला तीस वर्षे लागली होती. त्याला ग्रां प्री मिळाले, म्हणजे त्या महोत्सवातला दुसऱ्या क्रमांकाचा मान. गोष्ट मुंबईतल्या दोन मल्याळी परिचारिकांची आणि त्यांच्या इस्पितळात स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीची. पार्वती चाळीत राहते. नवरा वारला, खोलीचे कागद हाती नाहीत, आणि बिल्डर दारात उभा. अखेर ती मुंबई सोडून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाते. ज्या कोकणातून माणसे दोनशे वर्षे मुंबईला जात आली, त्या कोकणची ही उलटी वाट. मनीऑर्डरची वाट पाहणाऱ्या घरांना ही कथा समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच साली किरण राव यांचा 'लापता लेडीज' आला होता. आगगाडीत बदललेल्या दोन नवऱ्या मुलींची कथा. हसत हसत घुंगटाखालचा चेहरा दाखवणारी. तीही उत्तमच.

आता ऑस्करचा एक नियम असा, की परदेशी भाषांतल्या चित्रपटांच्या विभागात एका देशाने एकच चित्रपट पाठवावयाचा. आपल्याकडे ही निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करते. तेरा जणांची समिती, समोर एकोणतीस चित्रपट. समितीत एकही स्त्री नव्हती. तिने 'लापता लेडीज' निवडला. दुसऱ्या चित्रपटाविषयी फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितले ते असे, की तो भारतात घडणारा युरोपीय चित्रपट आहे असे परीक्षकांना वाटले. मग काय विचारता! दोन्ही बाजूंनी शब्दांची लाठीकाठी सुरू झाली. एका चित्रपटाचे चाहते दुसऱ्याला 'बाजारू' म्हणू लागले, दुसऱ्याचे पहिल्याला 'परकीय'.

गंमत पाहा. पार्वतीची भूमिका करणारी छाया कदम हीच 'लापता लेडीज'मध्ये रेल्वे फलाटावर टपरी चालवणारी मंजू माई झाली आहे. दोन्हीकडे तीच! एका चित्रपटाला नावे ठेवताना लोक तिच्याच अर्ध्या कामाला नावे ठेवीत होते. आणि निकाल काय लागला? 'लापता लेडीज' पहिल्या पंधरांतही आला नाही. दुसऱ्या चित्रपटाला ऑस्करच्या इतर विभागांचे दार उघडे होते; तिथे त्यालाही एक नामांकन मिळाले नाही. उलट संध्या सूरी यांचा 'संतोष' हा हिंदी बोलणारा चित्रपट त्या पंधरांत होता, पण ब्रिटनच्या वतीने. याला म्हणतात नशिबाचे फासे.

माझे मत विचाराल तर मी 'ऑल वी इमॅजिन' पाठवला असता. परीक्षकांना जे परके वाटले ते मला परके वाटले नाही. खोलीच्या कागदांवाचून हवालदिल झालेली बाई युरोपातली कशी? चित्रपट संथ आहे, त्यात गाणी नाहीत, माणसे थोडे बोलतात, एवढ्यावरून तो इथला नाही असे ठरवायचे, तर आपल्या घरातल्या अर्ध्याअधिक बायाबापड्या परदेशी ठरतील. पण असे म्हणताना मला हेही कबूल केले पाहिजे, की एकाच चित्रपटाची जागा असली की अठ्ठावीस गळणारच. गळलेल्या प्रत्येकाला अपमानित समजू नये. 2022 साली 'आरआरआर'ला असेच वगळून 'छेल्लो शो' हा गुजराती चित्रपट पाठवला होता. तरी पुढल्या मार्चमध्ये 'आरआरआर'च्या गाण्याने वेगळ्या दाराने आत जाऊन ऑस्कर मिळवलेच की!

शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. स्नेहसंमेलनाच्या नाट्यस्पर्धेत परीक्षक म्हणून बसल्यावर काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. एका पोराला बक्षीस दिले की दुसऱ्याचे पालक दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. तेव्हा पुढल्या वेळी एक करून पाहा. वर्षात मुलांनी पाहिलेल्या चित्रपटांतून, वर्तमानपत्रात यादी येण्यापूर्वीच, प्रत्येकाला पाच नावे लिहावयास सांगा. नावापुढे कारण हवे. "मस्त आहे" हे कारण धरायचे नाही. "आई रागावते तेव्हा ती ओरडत नाही, भांडे जोरात ठेवते" असे पाहिलेले, नेमके कारण पाहिजे. नटानटींशिवाय एक नाव पडद्यामागच्या माणसाचे असावे: कॅमेरा धरणाऱ्याचे, कपडे शिवणाऱ्याचे, आवाज टिपणाऱ्याचे. हे नाव शोधायला मुलांना चित्रपटाच्या शेवटी वर सरकणारी पाटी वाचत बसावे लागेल. बसू द्या. मग खरी यादी आली की दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि वर्गाला भांडू द्या. घटकाभर गलका होईल, शेजारच्या वर्गाचे गुरुजी डोकावतील. त्यांनाही आत बोलवा. त्यांचेही एक नाव गळालेले असेलच.